तुंगनाथच्या चढावर निकॉन मोनार्क एम५ (८×४२): शरदातल्या पक्षीनिरीक्षणासाठी दुर्बीण कशी आहे

उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथला जाणारी फरसबंद वाट जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरची आहे. पण सुमारे २,७०० मीटरवर सुरू होणारी ही वाट मंदिरापाशी साडेतीन हजार मीटरच्या वर पोहोचते आणि तिथून चंद्रशिलेचे शिखर गाठायचे तर आणखी खडा चढ असतो. पाऊस संपून हवा स्वच्छ झाली, बुग्याळांवरचे, म्हणजे उंचावरच्या कुरणांवरचे, गवत तांबूस पडले, की पक्षी पाहण्यासाठी ही वाट फार उत्तम. थंडीच्या तोंडावर तुंगनाथाची उत्सवमूर्ती मक्कूमठाला आणली जाते, त्याच सुमारास उंचावरचे अनेक पक्षीही खालच्या उतारांकडे सरकू लागतात, त्यामुळे रानातले आणि कुरणावरचे पक्षी एकाच फेरीत भेटण्याची शक्यता वाढते. या वाटेवर मी मोनार्क एम५ वापरली, आणि हे परीक्षण त्याच वापरापुरते आहे.

पहिला प्रश्न आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण (८×) घ्यावी की दहापट (१०×), हाच असतो. दूरच्या उतारावरचा पक्षी दहापट दुर्बिणीतून मोठा दिसेल, हे कागदावर खरे आहे. परंतु विरळ हवेत चढून आल्यावर छाती भात्यासारखी हलत असते, हात स्थिर राहत नाहीत, आणि दुर्बीण पक्ष्याबरोबर ती थरथरही तितक्याच पटीने मोठी करून दाखवते. आठपट दुर्बिणीतले चित्र त्या मानाने लवकर स्थिरावते. शिवाय पुढच्या भिंगाच्या ४२ मिलिमीटर व्यासाला आठाने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास ५.३ मिलिमीटर येतो, तर १०×४२ मध्ये तो ४.२ मिलिमीटर असतो. झोत रुंद तितके मंद उजेडातले चित्र उजळ, त्यामुळे सूर्य वर यायच्या आधी हा फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो.

तो जाणवण्याचे मुख्य कारण म्हणजे मोनाल हा रंगीबेरंगी पक्षी. उत्तराखंडाचा हा राज्यपक्षी भल्या पहाटे उघड्या उतारावर येऊन चोचीने माती उकरत कंद शोधत असतो. त्या वेळच्या मंद उजेडात नुसत्या डोळ्यांना नर म्हणजे एक काळपट गोळा दिसतो. या दुर्बिणीतून मात्र ऊन पडण्याच्या आधीच त्याच्या शेपटीचा विटकरी रंग आणि डोक्यावरचा तुरा वेगळा कळत होता. पुढे ऊन अंगावर आले तेव्हा डोक्याचा हिरवा, मानेचा तांबूस आणि पाठीचा जांभळट निळा रंग तो जरा वळला की एकमेकांत मिसळताना दिसत होता. शेजारची तपकिरी मादी गवतात जवळजवळ विरून गेली होती, पण तिचा पांढरा गळा चटकन नजरेत भरला. रंग खरे दिसणे याला मी दुर्बिणीच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्व देतो, आणि या किमतीच्या वर्गात एम५ त्या कसोटीला पूर्ण उतरते.

दुसरी कसोटी आकाशाची. चंद्रशिलेवर पिवळ्या चोचीचे चफ (कावळ्याच्या कुळातले काळे पक्षी) वाऱ्यावर खेळत असतात, हिमालयीन गिधाडे आणि पाचरीसारख्या शेपटीची दाढीवाली गिधाडे कड्यालगत घिरट्या घालतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिमालयाच्या रांगेला धरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारे स्टेप ईगल हे स्थलांतरी गरुडही दिसू शकतात. झगझगीत आकाशासमोरच्या काळ्या पंखांच्या कडेला साध्या दुर्बिणीत जांभळट रेघ उमटते आणि बारकावे त्यात बुडतात. एम५ च्या ईडी काचेमुळे (रंग फाकू न देणाऱ्या खास काचेमुळे) चित्राच्या मध्यभागी ही रेघ जवळजवळ नाहीशी होते, कडेकडे थोडी उरते. स्टेप ईगलच्या तरुण पक्ष्याच्या पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा ओळख पटवण्यासाठी निर्णायक असतो. तो या दुर्बिणीतून निःशंकपणे पाहता आला.

वजन ६३० ग्रॅम आहे. खांद्यावर पाणी, गरम कपडे आणि खाऊ असताना हे वजन गळ्यात नको. चढताना दुर्बीण छातीवर आपटत राहते. पाठीवरून फिरणारा हार्नेस वेगळा घ्यावा. चष्मा लावणाऱ्यांसाठी डोळा आणि दुर्बिणीची काच यांच्यातले अंतर (आय रिलीफ) १९.५ मिलिमीटर ठेवलेले आहे, म्हणजे आयकप (डोळ्याला टेकणारी कड) आत फिरवून चष्म्यासकट संपूर्ण चित्र दिसते. आत नायट्रोजन भरलेला असल्याने धुके आतून धरत नाही. पण कडाक्याच्या थंडीत श्वासाची आणि डोळ्याची ऊब बाहेरच्या काचेवर साचते, आणि त्याला कोणतीच दुर्बीण अपवाद नाही. श्वास खाली सोडावा, दुर्बीण डोळ्यांपासून किंचित दूर धरावी आणि काच हातरुमालाने न पुसता भिंगाच्याच कापडाने पुसावी.

आता मर्यादा. या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र ६.४ अंशांचे आहे, म्हणजे १,००० मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. मोकळ्या बुग्याळावर एवढे पुरते. चोपत्याच्या आसपासच्या खर्सू (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या रानात मात्र निरनिराळ्या चिमुकल्या टिट पक्ष्यांचा मिश्र थवा फांदीवरून फांदीवर सतत पळत असतो, आणि तिथे रुंद दृष्टिक्षेत्राची गरज पदोपदी भासते. त्याच कंपनीच्या एम७ च्या ८×४२ मध्ये ते ८.३ अंश, म्हणजे १४५ मीटर आहे, आणि वजन केवळ ४० ग्रॅमने जास्त. सह्याद्रीतल्या दाट सदाहरित रानांतही पक्षी असेच पानांआड क्षणभर दिसून नाहीसे होतात. त्यामुळे ज्यांचे बहुतेक पक्षीनिरीक्षण भीमाशंकर किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी होते, त्यांनी थोडे जास्त पैसे साठवून एम७ च घ्यावी. ज्यांना मुख्यतः उघडे उतार, कडे आणि आकाश पाहायचे आहे, त्यांना एम५ पुढे जास्त खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.