विमानाने जाताना कोणता स्टोव्ह न्यावा?

मुक्कामाला नेण्यासाठी स्टोव्ह निवडताना आपण सहसा वजन, आच आणि थंडीवाऱ्यात तो कसा चालतो एवढेच पाहतो. विमानाने जायचे असेल, तर आधी दोन प्रश्न विचारावे लागतात : या स्टोव्हमध्ये पूर्वी इंधन भरले होते का, आणि उतरल्यावर त्याचे इंधन तिथे मिळणार का? गॅसचा कॅनिस्टर, रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट आणि घन इंधनाच्या वड्या यांपैकी काहीही केबिनमध्ये किंवा चेक-इन सामानात नेता येत नाही. रिकामा वाटणारा कॅनिस्टरही याला अपवाद नाही, कारण त्यात थोडा गॅस उरलेलाच असतो.

कॅनिस्टरवर फिरवून बसवायचा बर्नर या दृष्टीने सर्वांत कमी त्रासाचा आहे. त्याला स्वतःची टाकी नसल्यामुळे कॅनिस्टर काढला की आत इंधन जवळजवळ उरत नाही. तो पुसून, मोकळ्या हवेत ठेवून चेक-इन सामानात टाकावा. अडचण येते ती उतरल्यावर. आट्यांचे कॅनिस्टर पुष्कळ ठिकाणी मिळत असले, तरी काही प्रदेशांत भोक पाडून बसवायचे किंवा खटक्याचे कॅनिस्टरच अधिक चालतात, आणि त्यांवर आट्यांचा बर्नर अडॅप्टरशिवाय बसत नाही.

पंपाच्या द्रवइंधन स्टोव्हचे पारडे नेमके उलटे आहे. पेट्रोल किंवा रॉकेल आडगावातही मिळते, परंतु नियमांचा सारा भार याच स्टोव्हवर पडतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांनुसार वापरलेला स्टोव्ह किंवा इंधनाची बाटली विमान कंपनीच्या संमतीनेच, आणि तीही फक्त चेक-इन सामानात, नेता येते. त्यासाठी टाकी किमान १ तास निथळू द्यावी, नंतर किमान ६ तास झाकण उघडे ठेवून उरलेले इंधन उडून जाऊ द्यावे, मग झाकण घट्ट लावून ती शोषक कागदात गुंडाळावी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी. पेट्रोल लवकर उडून जाते. रॉकेलचा तेलकट थर मात्र तसाच राहतो, त्यामुळे रॉकेल वापरणाऱ्याने केवळ या सहा तासांवर विसंबू नये. इतके करूनही पंपाच्या वायसरला वास राहतोच, आणि काही कंपन्या वापरलेला स्टोव्ह मुळीच स्वीकारत नाहीत. म्हणून माझ्या मते हा स्टोव्ह, शक्यतो कोऱ्या बाटलीसह, फक्त त्यानेच न्यावा ज्याला कॅनिस्टर मिळणार नाहीत अशा दुर्गम भागात जायचे आहे. बाकीच्यांनी बर्नर घ्यावा.

स्पिरिटचा स्टोव्ह म्हणजे बहुधा पत्र्याची किंवा पितळेची एक वाटी. ती साबणाने धुऊन वाळवली की तपासणीत दाखवायला काही उरत नाही. मात्र तिची आच मंद असते, वाऱ्यात ती आणखी मंदावते, आणि वणव्याच्या मोसमात अनेक जंगलांत तिला बंदी असते. काटक्यांवर चालणाऱ्या चुलीलाही तीच बंदी लागू पडते. शिवाय तिची काजळी खरवडून काढावी लागते ती वेगळीच.

इंधनाची कटकटच नको म्हणून विजेच्या किटलीचा विचार मनात येतो, पण हिशेब जमत नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ९३ वॅट-तास ऊर्जा लागते, आणि वेगळ्या संमतीशिवाय नेता येणारी लिथियम बॅटरी असते १०० वॅट-तासांपर्यंतची. वाटेत वाया जाणारी उष्णता धरली, तर तेवढ्यात एक लिटरही उकळणार नाही.

राहिली काडेपेटी. सर्वसाधारण नियमाप्रमाणे सुरक्षित काड्यांची एक छोटी पेटी किंवा एक लायटर अंगावर बाळगता येतो, सामानात नाही. कुठेही घासून पेटणाऱ्या काड्या मात्र पूर्ण वर्ज्य आहेत. काही देश अंगावरचा लायटरही काढून घेतात, तेव्हा तो कॅनिस्टरबरोबर तिथेच विकत घ्यावा.