शंभर पानांच्या स्वयंपाकाला लाकूड, पेलेट की गॅस?

कोकणात खानावळ, वसतिगृह किंवा मोठं होमस्टे चालवणाऱ्यांना सिलिंडर महागला की हा प्रश्न पडतोच: आजूबाजूला एवढं लाकूड असताना गॅस का जाळायचा? झाड पुन्हा वाढतं, म्हणजे हे नवीकरणीय इंधन, असंही कोणीतरी सांगतं. माझं मत आधीच सांगते. लाकूड स्वतःच्या आवारातलं असेल, नीट वाळवलेलं असेल आणि चूल धुराड्याची असेल तर जरूर वापरा. ठेकेदाराकडून ट्रकाने घेणार असाल, तर गॅसच बरा.

किलोचे दर समोरासमोर मांडून काही कळत नाही. भांड्याच्या बुडाला किती उष्णता लागते ते बघावं लागतं. गॅसच्या एका किलोत साधारण १०,८०० किलोकॅलरी असतात आणि त्यातल्या ६० ते ६५ टक्के भांड्याला मिळतात. वाळलेल्या लाकडात साधारण ३,५०० किलोकॅलरी. तीन दगडांच्या चुलीत त्यातल्या जेमतेम १० ते १५ टक्के कामी येतात, बाकी उष्णता आजूबाजूला जाते. चांगल्या सुधारित चुलीत हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास जातं.

आता हिशोब करा. १९ किलोच्या एका व्यावसायिक सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीत सुमारे ३२० किलो वाळलेलं लाकूड लागतं. सुधारित चुलीत सुमारे १५० किलो. पंख्याच्या पेलेट शेगडीत पेलेट, म्हणजे भुसा आणि काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, साधारण ९५ किलो. तुमच्या गावचा दर या आकड्यांना गुणा, वर वाहतूक आणि फोडणावळ धरा, आणि जाळ सांभाळायला दिवसभर एक माणूस अडकतो त्याचा पगारही धरा. सुधारित चूल न बांधता नुसतं लाकूड आणलंत तर बचत बहुतेक कागदावरच राहते.

ओलं लाकूड तर सरळ नुकसान. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे वजनावर घेताना तुम्ही पाणी विकत घेता, आणि ते पाणी उडवायला पुन्हा लाकूडच जाळता. मघाच्या ३२० किलोंचे साडेपाचशे होतात. घेताना ओंडक्याचं तोंड बघा. वाळलेल्या लाकडाला टोकाशी मधल्या गाभ्यापासून कडेला भेगा पडलेल्या असतात, साल सुटत आलेली असते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो.

ब्रिकेट, म्हणजे तसाच भुसा दाबून केलेले मोठे ठोकळे, बाजारातला ‘पांढरा कोळसा’, बॉयलर आणि भट्ट्यांसाठी ठीक. स्वयंपाकघरात त्याच्या मागे लागू नका.

पेलेटचा जाळ मात्र खरंच चांगला असतो, धूर फारच कमी. अडचण पुरवठ्याची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बीपी कंपनीने २००६च्या सुमारास ‘ऊर्जा’ ही पेलेट शेगडी आणली, पुढे ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आली. महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडूत ती भरपूर खपली. मग कच्च्या मालाचे भाव चढले, पेलेट महागले, आणि कित्येक घरांनी शेगडी बाजूला ठेवली. शेगडी चांगली असूनही असं झालं, म्हणून हे लक्षात ठेवा. आज औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशात पेलेट मिसळावे लागतात, त्यामुळे तुमच्या दहा पोत्यांपेक्षा मोठं गिऱ्हाईक बाजारात उभं आहे. जवळपास दोन पुरवठादार असतील तरच या वाटेला जा. आणि पोती जमिनीवर ठेवू नका. कोकणातल्या पावसाळी हवेत पेलेट ओल धरतो, फुगतो आणि त्याचा भुगा होतो.

आता ‘नवीकरणीय’ या दाव्याकडे येऊ, कारण मला खरी काळजी इथे वाटते. ऐन, किंजळ यांच्या बुंध्याला तोडीनंतर फुटवे येतात हे खरं. पण मालकी रानाचा अख्खा डोंगर एकदम साफ केला, तर त्या फुटव्यांची पुन्हा झाडं व्हायला दहा-पंधरा वर्षं तरी जातात. चुलीतून हवेत गेलेला कार्बन तोवर हवेतच राहतो. त्याआधीच पुन्हा कुऱ्हाड चालली तर ते रान दरवेळी आणखी खुरटं होतं, उघड्या उतारावरची माती पावसात वाहून जाते. ऐन, किंजळ, आंबा, खैर ही महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणून विकणाऱ्याला विचारा: कुठल्या गावचं, कुठल्या झाडाचं, परवाना आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

याउलट बांधावरचं गिरीपुष्प दरवर्षी छाटलं तरी वर्षभरात पुन्हा फोफावतं, आणि पाला शेताला होतो. काजू-आंब्याची छाटणी, चुडतं, करवंट्या हे तर बागेत दरवर्षी निघतंच. ही खरी नवीकरणीय लाकडं. पण यावर शंभर पानांचा सगळा स्वयंपाक निघेल अशी बाग थोड्यांकडेच असते.

धुराचं काय? चुलीपुढे सहा-सात तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा हा प्रश्न आहे, त्याला बचतीच्या रकान्यात जागा नाही. छताच्या वर नेलेलं धुराडं नसेल तर लाकूड नकोच. भंगारातलं प्लायवूड आणि रंगवलेली फळकुटं तर धुराडं असलं तरी जाळू नका, त्या धुरात विषारी वायू असतात. मुंबईत असाल तर प्रश्न जवळपास मिटलेलाच आहे: जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं.

बहुतेकांना मी मिश्र व्यवस्था सुचवेन. अंघोळीचं पाणी, डाळ, भाताचं आधण बागेतल्या लाकडावर; पोळ्या, फोडण्या, चहा गॅसवर. चुलीआधी शेड बांधा, तीन बाजूंनी वारा खेळेल अशी, लाकूड जमिनीपासून वीतभर उंच राहील अशी. छाटणीचं लाकूड लगेच फोडून रचलं आणि पूर्ण उन्हाळा मिळाला, तर मृगाच्या आत ते जाळण्याजोगं होतं.