एनसीएलचा ओपन डे: काचेसाठी जा

मी एका शाळेत तेहेतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची काचेची नळी, फुटली की पैसे माझ्या पगारातून कापायचे. त्यामुळे काच दिसली की मी आधी तडा शोधतो, मग बाकीचं.

पुण्यातली पाषाण रोडवरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त सर्वांना बघायला खुली करतात. नातीला घेऊन गेलो. पोरांची झुंबड द्रव नायट्रोजनपाशी. उणे १९६ अंशांत गुलाब बुडवायचा, चुरा करायचा, टाळ्या. छान असतं, पण मी तिला ओढतच ग्लास ब्लोइंगकडे नेलं.

कारागिराने बोरोसिलिकेटची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची, नळी ज्योतीत धरली. काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होते. तो उजेड गाळायला त्याचा जांभळट चष्मा. दोन्ही हात एकाच वेगाने नळी फिरवत होते. जरा थांबलं की मऊ काच लोंबलीच. मग रबरी नळीतून फुंक, इतकी बेताची की गालसुद्धा फुगले नाहीत, आणि बघता बघता चंबूचं पोट तयार.

"आता पाण्यात बुडवायचं?" नातीचा प्रश्न.

"अगं, भट्टीत हळूहळू निववायचं. नाहीतर आत ताण राहतो आणि कधीतरी आपणहून तडकते," कारागीर म्हणाला.

हे ऐकून मी तिथेच उभा राहिलो.

इतिहासही याच काचेला चिकटलेला आहे. ३ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताकाच्या तेवीस दिवस आधी, नेहरूंनी ही प्रयोगशाळा उघडली. पहिले संचालक मॅकबेन. त्यांच्या नावाचा एक तराजू आहे: क्वार्ट्झ काचेची नाजूक स्प्रिंग, खाली लटकतं इवलंसं पारडं. पारड्यातल्या पदार्थाने वायू शोषला की स्प्रिंग किंचित लांबते, तेवढ्यावरून वजन काढायचं. असली स्प्रिंग माझ्या ताब्यात असती तर मला झोप लागली नसती. त्यांच्यानंतरचे फिंच तर गिर्यारोहक. १९२२ ला ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन एव्हरेस्टवर २७ हजार फुटांच्या वर गेलेले. पहिले भारतीय संचालक वेंकटरामन, रंगरसायनांतले मोठे नाव, १९५७ ला आले.

जायचं तर सकाळीच जा आणि चालायचे बूट घाला, आवार मोठं आहे. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण माझ्या गुडघ्यांनी खाल्ला.

राहिला माझा चंबू. एकदा आमच्या शाळेत कपाटात ठेवल्या ठेवल्या एक चंबू तडकला होता. कुणी हात लावला नव्हता, पण मुख्याध्यापकांना काही ते पटेना. पैसे कापले गेले ते गेलेच. नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आजोबा, आत्ता जाऊन मागा की!"