अ‍ॅम्पविना गिटार, थेट पीएमध्ये: प्रोसेसरचा वापरानंतरचा अनुभव

गिटार अ‍ॅम्पला न जोडता थेट पीएला, म्हणजे कार्यक्रमाच्या ध्वनिक्षेपक यंत्रणेला, जोडता यावी म्हणून मी अ‍ॅम्पची नक्कल करणारा, पायाशी ठेवायचा प्रोसेसर घेतला. त्याच्या आवाजाबद्दलची माझी तक्रार जवळजवळ संपली आहे. त्याच्या मागच्या बाजूला असलेल्या ९ व्होल्टच्या सॉकेटबद्दलची मात्र संपलेली नाही, आणि हे लिहायला बसलो तेही त्या सॉकेटमुळेच. कंपनीचे व मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सर्व्हिस सेंटरशी वाद अद्याप मिटलेला नाही. शिवाय या किमतीच्या बहुतेक प्रोसेसरांना जवळपास तसेच सॉकेट असते, त्यामुळे नाव कळून वाचकाचा विशेष फायदा होईल असेही नाही.

मी पुण्यात हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आजवर बहुतेक कार्यक्रमांना भाड्याचा रोलंड जेसी-१२० असायचा. १९७५ साली बाजारात आलेल्या या अ‍ॅम्पच्या स्वच्छ आवाजाला आजही तोड नाही, पण त्याचे वजन २८ किलोच्या आसपास आहे. त्याचे भाडे, टेम्पोतील जागा आणि लिफ्ट नसलेल्या हॉलच्या जिन्यावरून तो चढवणाऱ्या माणसाची बिदागी हे सगळे शेवटी मानधनातूनच जाते. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री १०ची मर्यादा असल्यामुळे शेवटचे गाणे संपताच मंडपवाले खुर्च्या उचलू लागतात, तेव्हा अ‍ॅम्प उतरवणे हे एक वेगळेच काम होऊन बसते. प्रोसेसर खांद्यावरच्या पिशवीत मावतो आणि भाड्याच्या बचतीतून त्याची किंमत एका लग्नसराईत वसूल झाली. पुढे जे काही बरे लिहिले आहे, त्यामागे हा हिशेब आहे हे वाचकांनी गृहीत धरावे.

आवाजाबाबत सुरुवातीला माझे मत वाईट होते. पहिल्या महिन्यात पाचांपैकी दोन गुण दिले असते. गिटारच्या अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे ऐकवत नाही, आणि ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचा, जो गोलपणा आपल्याला आवडतो त्यात या अडथळ्याचा मोठा वाटा असतो. पीएच्या हॉर्नला (तार सुरांच्या भोंग्याला) असली मर्यादा नसल्याने तोच ओव्हरड्राइव्ह थेट सोडला की डबीत कोंडलेल्या माशीसारखा भणभणतो. यावरचा उपाय, म्हणजे स्पीकरची नक्कल करणारे सर्किट, १९८९च्या सॅन्सअ‍ॅम्प या पेडलपासून उपलब्ध आहे, आणि आता कॅबिनेटचे आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचे डिजिटल ठसे) स्वस्त प्रोसेसरमध्येही येतात. माझ्याही प्रोसेसरमध्ये ते आहेत आणि चांगले आहेत. तरीही घरी हेडफोनवर तासन्‌तास खपून तयार केलेले पॅच (प्रोसेसरमध्ये जतन केलेल्या आवाजाच्या जुळण्या) नाट्यगृहात खाली गुबगुबीत आणि वर चिरके वाजत होते.

याचे कारण यंत्रात नाही, कानात आहे. आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि अतितार हे दोन्ही भाग कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ सालीच वक्ररेषा काढून दाखवले होते. घरी हळू आवाजात आपण नेमके हेच दोन भाग वाढवून ठेवतो आणि मोठ्या पीएवर ते अंगावर येतात. आमच्या साउंडवाल्याने तालमीच्या दिवशी मला एक टॉप (पीएचा वरचा स्पीकर) मोकळा करून दिला आणि मी सगळे पॅच त्यावर, कार्यक्रमाच्या आवाजात, नव्याने बांधले. १०० हर्ट्झच्या खालचे कापले, साडेपाच किलोहर्ट्झच्या वरचे कापले आणि रिव्हर्ब (घुमारा) निम्म्यावर आणला. त्यानंतर आवाजाचे गुण चारांवर गेले आणि ते तिथेच आहेत. पाचवा गुण देत नाही, कारण लांब सूर धरल्यावर मागच्या अ‍ॅम्पच्या हवेने तार पुन्हा थरथरून सूर फुलतो, ते पीएच्या आधाराने होत नाही. अर्थात साठ-सत्तरच्या दशकांतील गाण्यांच्या कार्यक्रमात याची उणीव माझ्याखेरीज कोणाला जाणवते असे दिसले नाही.

जोडणीबाबत दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पहिली स्टीरिओची: प्रोसेसर स्टीरिओवर ठेवलेला असेल आणि साउंडवाल्याने एकच लाइन घेतली असेल, तर डावी-उजवीकडे उड्या मारणाऱ्या डिलेचा दर दुसरा प्रतिध्वनी सभागृहात पोहोचतच नाही, आणि आपण मात्र प्रोसेसरला दोष देत बसतो. आउटपुट मोनो करावा. दुसरी गोष्ट फँटम पॉवरची, म्हणजे मिक्सर माइकच्या वायरीतूनच माइकला जी वीज पुरवतो तिची. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचे बटण बहुधा सगळ्या चॅनेलांना मिळून एकच असते आणि कोरसच्या कंडेन्सर माइकसाठी ते चालूच ठेवलेले असते. ती वीज प्रोसेसरच्या आउटपुटपर्यंत येऊ नये म्हणून मधे ट्रान्सफॉर्मरचा साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याची लाइन मिक्सरला जोडणारी डबी) लावतो. साउंडवाल्याकडे असेल या भरवशावर राहू नये, स्वतःचा बाळगावा.

अ‍ॅम्प गेल्याची खरी झळ मला नव्हे, ड्रमरला बसली. अ‍ॅम्प हाच त्याचा मॉनिटर होता. जिथे दोनच मॉनिटर असतात तिथे ते गायकांपुढे जातात, आणि गिटार नाट्यगृहभर वाजत असताना रंगमंचावर ती कोणालाच ऐकू येत नाही. आता प्रोसेसरच्या दुसऱ्या आउटपुटातून एक छोटा पॉवर्ड स्पीकर ड्रमरकडे तोंड करून ठेवतो. म्हणजे अ‍ॅम्प सोडला आणि स्पीकर उचलला. पण तो एका हाताने उचलता येतो.

आता सॉकेट. प्रोसेसरला वीज पोहोचवणारी अ‍ॅडॉप्टरची ती बारीक गोल पिन सॉकेटमध्ये केवळ घर्षणावर टिकते. तिला ना आटे असतात, ना अडकवण. सॉकेट आतल्या मुख्य बोर्डावर तीन पायांनी डाखलेले असते, पत्र्याच्या पेटीला ते कुठेही पकडलेले नसते. त्यामुळे वायरला बसणारा प्रत्येक हिसका थेट डाखावर जातो. आमच्या गायकाचा पाय वायरीला हलकेच लागला की पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उगवायचे, आणि ते मावळून पॅच येईपर्यंत अंतऱ्याआधीचा तुकडा निघून गेलेला असायचा. जनरेटरवर वीज बदलतानाही हेच. मिक्सर आणि स्पीकर क्षणात परत येतात, कीबोर्डवादकाजवळ छोटा यूपीएस असतो, आणि मी मात्र गिटार गळ्यात अडकवून पायाशी बघत उभा असतो. हजारो रुपयांच्या यंत्रात वायर गुंतवायला एक पत्र्याची कडी द्यावी, एवढेही कोणाला सुचू नये याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

अखेरीस डाख निखळला. सर्व्हिस सेंटरने पेटी ठेवून घेतली आणि सॉकेट वेगळे मिळत नाही, संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल, असे कळवले. बोर्डाचा दर नव्या प्रोसेसरच्या निम्म्याहून अधिक होता. वॉरंटीबद्दल विचारले तर हे ‘बाहेरून झालेले नुकसान’ ठरवण्यात आले. पिन बाहेरूनच लावायची असते, हा माझा मुद्दा लेखी देऊनही त्यावर उत्तर आलेले नाही. पेटी परत आणून मी ती टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे दिली. त्यांनी तीनशे रुपयांत नवे सॉकेट डाखले, आणि न सांगता वायर अडकवायला बाजूला एक क्लिपही बसवून दिली.

एवढे लिहून झाल्यावर मधे काही कार्यक्रम झाले आणि मत पुन्हा थोडे बदलले, म्हणून हा भाग जोडतो आहे. हल्ली प्रोसेसर अ‍ॅडॉप्टरवर न चालवता मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालवतो. ९ व्होल्ट देऊ शकणारी पॉवर बँक आणि तिच्याकडून ते ९ व्होल्ट मागून घेणारी केबल एवढे पुरते. मात्र गिटारच्या पेडलांत मधली पिन ऋण असते आणि बाजारातील बहुतेक केबलींत ती धन असते, तेव्हा उलटवणारा जोड घेतल्याशिवाय आणि मीटरने तपासल्याशिवाय पिन लावू नये. जनरेटरचा प्रश्न यामुळे मिटलाच, पण अ‍ॅडॉप्टरबरोबर लाइनमध्ये येणारी बारीक कुरकुरही नाहीशी झाली. डिमरच्या दिव्यांखाली गिटारवरच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) घुरघुर पूर्वीइतकीच आहे. साउंडवाल्याने मात्र पहिल्याच दिवशी विचारले की नवी केबल घेतली का.

पुन्हा प्रोसेसर घ्यायची वेळ आली, तर आत किती अ‍ॅम्पच्या नकला आहेत हे मी शेवटी पाहीन. आधी पेटी उलटी करून सॉकेट बोर्डाला आहे की पत्र्याला नटाने आवळलेले आहे ते पाहीन, मग पिन लावून वायर हलवून पाहीन, आणि दुकानदाराने हरकत घेतली तर दुसऱ्या दुकानात जाईन.