एनबीए फेवरेट पिक्स देणारी सिस्टिम: मॉडेल चांगलं, जाहिरात फसवी

एनबीएच्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) फेवरेट, म्हणजे जिंकतील असं धरलेल्या टीम्सवर कधी पैसे लावायचे ते सांगणारी, म्हणजेच पिक्स देणारी एक पेड सिस्टिम अख्खा सीझन वापरली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्पोर्ट्स बेटिंगवरचा फेडरल कायदा रद्द केला तेव्हापासून अशा सर्विसेसचं पेवच फुटलंय, म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितोय.

मॉडेल खरंच मेहनतीने बनवलंय. नुसती हारजीत बघत नाहीत, शंभर पझेशनमागे (बॉल ताब्यात यायच्या पाळ्या) टीम किती पॉइंट करते आणि किती खाते, पेस म्हणजे खेळाचा वेग काय आहे, कालच मॅच खेळून दुसऱ्या गावात आलेत का, हे सगळं धरतात आणि बॅक टू बॅकवाल्या, म्हणजे लागोपाठ दुसऱ्या रात्रीच्या मॅचचे आकडे तर मला फार आवडले.

पण होमपेजवर मोठ्ठ्या अक्षरात "७० टक्क्यांपेक्षा जास्त पिक्स बरोबर" लिहिलंय ना, ते वाचून कृपा करून पैसे भरू नका!! फेवरेट जिंकतातच हो, म्हणून तर ते फेवरेट. प्रश्न भावाचा आहे. समजा भाव -४०० आहे, म्हणजे १०० डॉलर कमवायला ४०० लावायचे, आता अशा दहा मॅचपैकी सात बरोबर आल्या तर ७०० मिळाले आणि तीन हरल्या त्यात १२०० गेले, सत्तर टक्के बरोबर येऊनसुद्धा ५०० डॉलरचा खड्डा. या भावाला नुसतं बरोबरीत राहायलाच ८० टक्के लागतात. २०१५-१६ ची गोल्डन स्टेट वॉरियर्स टीम घ्या, ८२ पैकी ७३ जिंकले, रेकॉर्ड आहे तो, तरी ते ८९ टक्केच होतात आणि -१००० च्या भावाला जवळजवळ ९१ लागतात. म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात भारी रेग्युलर सीझनवर पण दर मॅचला हा भाव देऊन तोटाच झाला असता.

स्प्रेडच्या पिक्स (नुसतं कोण जिंकणार नाही, तर किती पॉइंटच्या फरकाने यावर पैसे लावायचे) त्यामानाने बऱ्या, तिथे -११० ला साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास पुरतात, पण त्या यांनी आत कुठेतरी कोपऱ्यात टाकल्यात.

दुसरा राग इंज्युरी रिपोर्टचा. पिक सकाळी येते, स्टार प्लेअर बसणार हे संध्याकाळी कळतं, तोपर्यंत लाइन म्हणजे बाजारातला भाव हललेला असतो आणि ॲपमध्ये मात्र सकाळचाच आकडा. सपोर्टला विचारलं तर "लाँग टर्म बघा" एवढंच उत्तर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅच सुरू होताना शेवटचा भाव, म्हणजे क्लोजिंग लाइन, काय होता ते कुठेच दाखवत नाहीत. आपण घेतलेला भाव त्यापेक्षा सतत चांगला असेल तरच सिस्टिममध्ये दम आहे असं म्हणता येतं, बाकी थोड्या दिवसांची हारजीत नशिबावर पण जाते.

आकडे अभ्यासायला चार स्टार, पैसे लावायला दीड. क्लोजिंग लाइनसकट जुन्या सगळ्या पिक्स उघड केल्या तर परत घेईन, तोपर्यंत सबस्क्रिप्शन बंद.