हद्दीच्या अलीकडे की पलीकडे? छोट्या धंद्यासाठी गाळा घेताना

पिठाच्या गिरणीला मसाला कांडपाची जोड द्यायची म्हणून मी दुसरी जागा शोधत होतो, तेव्हा दोन गाळे समोर आले. एक महापालिकेच्या हद्दीत, जुन्या वस्तीतला, अरुंद. दुसरा हद्द संपते तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर, ग्रामपंचायतीत. ऐसपैस, पुढे टेम्पो उभा राहील एवढी मोकळी जागा, भाडंही कमी. मी आधी गावातला घेतला, काही महिन्यांनी सोडला, आणि आज गिरणी शहरातल्या गाळ्यात चालते. त्यामुळे दोन्हीकडचा थोडा थोडा अनुभव गाठीशी आहे. हाच प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांना त्यातलं काही उपयोगी पडावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

दोन्हीकडे सारखं असलेलं आधी बाजूला काढू. दुकानाची नोंद कामगार विभागाच्या २०१७ च्या कायद्याखाली होते आणि वीसपेक्षा कमी कामगार असतील (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती) तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते. अन्नपदार्थांची नोंदणी आणि जीएसटी यांनाही हद्दीशी देणंघेणं नाही. जुनी मंडळी अजून सांगतात, "हद्दीबाहेर घे, जकात वाचेल." जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर. त्यांच्या काळी तो सल्ला खरा होता. पण बहुतेक महापालिकांत जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही २०१५ च्या ऑगस्टपासून लहान व्यापाऱ्यांवरून उठला, आणि मुंबईत उरलेली जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपली. नाक्यावरची रांग वाचवायला हद्दीबाहेर जाण्याचं कारण आता उरलेलं नाही.

मग उरतात तीन गोष्टी: मालमत्ता कर, परवाना, आणि तुमच्या पैशाचं पुढे काय होतं ते.

कराचं उघड आहे. गावात तो कमी आहे, बराच कमी आहे, आणि या बाबतीत गावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं मला पूर्ण पटतं. ग्रामपंचायती २०१५ च्या अखेरीस झालेल्या नियमबदलापासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे तिच्या किमतीवर, कर लावतात. शासनाने किमान आणि कमाल दर ठरवून दिलेले आहेत आणि त्यांच्या दरम्यानचा दर पंचायत ठरवते. मतांचा विचार असतोच, त्यामुळे तो सहसा खालच्या अंगाला राहतो. आकारणीची फेरतपासणी चार वर्षांनी. सप्टेंबरअखेर भरला तर पाच टक्के सूटही मिळते. महापालिकांत पद्धत एकसारखी नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, पुण्यात अजून वार्षिक करयोग्य मूल्य, म्हणजे जागेला वर्षाला किती भाडं येऊ शकेल त्या हिशेबाने. कुठेही असलात तरी बिगरनिवासी वापराचा दर घराच्या दरापेक्षा चढा असतो. माझ्या दोन गाळ्यांचीच तुलना केली तर शहरातल्या लहान गाळ्याचा कर गावातल्या मोठ्या गाळ्याच्या साधारण चौपट होता. हे माझं गणित, तुमचं वेगळं येऊ शकेल.

भाड्याने घेणाऱ्यांनी एक पाहावं. कर मालकाने भरायचा असतो हे खरं, पण करारात तो बहुधा तुमच्या गळ्यात येतो. महापालिकेच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. आणि ही थकबाकी त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असते. जप्तीची नोटीस गाळ्याच्या दारावर लागते, आणि दार तुमचं असतं. मागच्या पाच वर्षांच्या पावत्या पाहिल्याशिवाय अनामत देऊ नका.

गावात याच्या उलट एक सापळा आहे. घरपट्टीची पावती आणि नमुना आठचा, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा हातात आला की माणूस निर्धास्त होतो. पण कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरतं असं नाही. पंचायत उभ्या असलेल्या इमारतीवर कर आकारते. जमीन बिगरशेती झालेली आहे का, बांधकामाला परवानगी आहे का, हा प्रश्न वेगळाच राहतो, आणि तो पुढे बँक विचारते. शहरातही अनधिकृत बांधकामावर कर लागतो, शिवाय दुप्पट शास्तीची तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीकराचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजला आणि २०२३ मध्ये शासनाला तो माफ करावा लागला. तेव्हा कागद दोन्हीकडे तपासायचेच, पण गावात जास्त काळजीने.

आता परवान्याकडे येतो, कारण माझा निर्णय इथे फिरला.

महापालिकेत गिरणीसारखा यंत्रावर चालणारा धंदा सुरू करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१३ खाली आयुक्तांची परवानगी आणि कलम ३७६ खाली परवाना लागतो. त्यासाठी भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा दाखला, शेजाऱ्यांची संमती, कराची थकबाकी नसल्याचा दाखला असं बाड जमवावं लागतं. मी सात फेऱ्या मारल्या. एकदा नकाशावर यंत्राची जागा दाखवलेली नाही म्हणून परत पाठवलं, एकदा पाटीचं मोजमाप राहिलं म्हणून. शुल्कही गावाच्या मानाने पुष्कळ, आणि नूतनीकरण मागे लागलेलंच. यात गोड काही नाही, आणि ज्याच्याकडे फेऱ्या मारायला माणूस नाही त्याला हे जड जाईल हेही मान्य.

गावात माझी सुरुवात फार चांगली झाली होती. सरपंचांनी घरी बोलावलं, चहा पाजला, म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं गावात यायलाच पाहिजेत, पुढच्या मासिक सभेत ठराव घेऊन टाकू." त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. वाढीव भाराच्या थ्री फेज जोडणीसाठी आणि कर्जासाठी मला पंचायतीचा नाहरकत दाखला हवा होता, आणि तो ठरावाशिवाय निघत नव्हता. पहिली सभा गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झाली. दुसऱ्या सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद झाला आणि माझा विषय पुढच्या सभेवर गेला. तिसऱ्या सभेत ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले, मला तसा फोनही आला. मी पेढे घेऊन गेलो.

पण ठराव होणं वेगळं आणि ठरावाची नक्कल हातात पडणं वेगळं. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कार्यभार. आपल्या गावात ते मंगळवार-शुक्रवार, त्यातला एक वार तालुक्याच्या बैठकीत जायचा. ते भेटले तर इतिवृत्त लिहून झालेलं नसायचं, इतिवृत्त झालं तर सरपंचांची सही राहायची, सरपंच असले तर शिक्का कपाटात आणि किल्ली ग्रामसेवकांकडे. कोणी पैसे मागितले नाहीत. कोणी नाही म्हणालं नाही. फक्त "कधी?" याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. यंत्रं आणून ठेवली होती, गाळ्याचं भाडं चालू होतं, दोन कामगारांना मी थांबायला सांगितलं होतं. त्यांच्या घरी काय सांगायचं हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता.

शहरात सात फेऱ्या झाल्या तरी प्रत्येक फेरीला हातात काहीतरी होतं. अर्जाचा क्रमांक, त्रुटीचं पत्र, कोणत्या टेबलावर कागद आहे याची नोंद. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत असते, मुदत टळली तर पहिलं अपील, दुसरं अपील करता येतं. मला अपील करावं लागलं नाही. मुदतीचा उल्लेख करून एक पत्र दिलं, आठवड्याभरात पाहणीला माणूस आला. हा कायदा ग्रामपंचायतींनाही लागू आहे, हे मुद्दाम सांगतो. पण मला ज्या कागदाची गरज होती तो तिथे माणसांच्या सवडीवर अडकला, आणि ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा त्यांच्याविरुद्ध अर्ज करायला माझं मन धजेना. दुसऱ्या एखाद्या गावात, तरतरीत ग्रामसेवक असेल तर, हाच कागद आठ दिवसांत मिळेल. तसं झालेले लोक मला माहीत आहेत.

अंदाजपत्रकाच्या बाबतीत मात्र गाव मला आजही आवडतं. ग्रामसभेत उभं राहून "आमच्या रस्त्याच्या दिव्याचे पैसे कुठे गेले?" असं विचारता येतं आणि उत्तर देणारा समोर बसलेला असतो. अडचण पैशाची. २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून पंचायतींना मिळणाऱ्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, मोकळा उरायचा चाळीस टक्के. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी, आणि कर कमी असल्याचा आनंद आपण घेतला की रस्त्याला डांबर कमी पडतं. पावसाळ्यात माझ्या त्या गाळ्यापर्यंत दळण घेऊन सायकल येऊ शकत नव्हती.

महापालिकेत आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक सादर करतात, मग ते सर्वसाधारण सभेपुढे जातं. शेकडो पानांत आपला रस्ता शोधायला बसलात तर दिवस जाईल. २०२२ नंतर बराच काळ अनेक महापालिकांत प्रशासकच होते, तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. एक तारीख तेवढी लक्षात ठेवा. पुढच्या वर्षाचे कराचे दर महापालिकेला २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. करवाढीला विरोध करायचा तर जानेवारीत करावा लागतो. एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर बोलून उपयोग होत नाही.

आणि शहराला चिकटलेलं गाव घेताना हे धरूनच चाला की ते कायम गाव राहणार नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. अशा गावांत महापालिकेचा कर टप्प्याटप्प्याने चढतो, पण सोयी त्याच वेगाने येतील याची हमी नाही. कर वाढला, पाणी-रस्ते आले नाहीत, ही फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथली तक्रार एवढी वाढली की ती गावं पुन्हा महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करायचा निर्णय शासनाने घेतला. कमी कर हे एकच कारण असेल तर ते किती वर्षं टिकेल याचा अंदाज घ्या.

माझ्या ठरावाची नक्कल शेवटी आली. ती आली तेव्हा शहरातल्या गिरणीत दिवसाला तीस-चाळीस दळणं होत होती, आणि थांबवून ठेवलेल्या दोघांपैकी एक दुसरीकडे कामाला लागला होता. चांगला कारागीर होता, गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाकी त्याच्यासारखी कोणी लावत नाही.

तुमचा धंदा गोदामाचा असेल, यंत्र नाही, वाढीव वीज नाही, कर्जही नाही, तर माझा हा सगळा अनुभव तुम्हाला लागू होत नाही. तिथे जागा आणि कर या दोनच गोष्टी महत्त्वाच्या, आणि गाव सरळ स्वस्त पडतं. स्वतःच्या गावात, ओळखीच्या माणसांत धंदा टाकणाऱ्यालाही मी शहरात चला म्हणणार नाही. पण मोटर फिरवायची असेल, बँकेचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होणार असेल आणि दोन-चार माणसांचा पगार तुमच्यावर असेल, तर अरुंद गाळा आणि चौपट कर सोसूनही मला हद्दीच्या आतलीच जागा बरी वाटते. गावातलाच गाळा घ्यायचा असेल तर ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडल्यावरच भाडेकरार करा, मालकाला कितीही घाई असली तरी.