चुकुरजुमाच्या उतारावरचे तांबडे घर

या संग्रहालयाचे तिकीट एका कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात छापलेले आहे. ज्याच्याजवळ कादंबरीची प्रत असेल त्याने ती तिकीटखिडकीवर उघडून धरायची. आतला कर्मचारी त्या पानावर शिक्का मारतो आणि वाचकाला विनामूल्य आत सोडतो. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांची २००८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आणि इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागात एप्रिल २०१२ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय या दोहोंचे नाव एकच आहे : ‘मासुमियेत म्युझेसी’, म्हणजे निरागसतेचे संग्रहालय. ‘मासूम’ हा शब्द आपल्या कानांना परका नसल्याने दारावरची तुर्की पाटी मला कोणी समजावून सांगावी लागली नाही, आणि परक्या शहरात त्याचाही एक दिलासा वाटला.

इथे वाहनाने येऊ नये, पायीच यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इस्तिकलाल या गजबजलेल्या हमरस्त्यावरून गालातासराय चौकापाशी खाली वळले की दहा-पंधरा मिनिटांत गर्दीचा आवाज मागे पडतो, रस्ता अरुंद होत जातो आणि उतार इतका तीव्र होतो की पावसात पाय जपूनच टाकावा लागतो. ‘चुकुर’ म्हणजे खळगा. चालताना ते नाव पायांनाच कळते. दोन्ही बाजूंना जुन्या वस्तूंची दुकाने आहेत, आणि मुंबईच्या चोरबाजारात फिरलेल्या माणसाला तिथले दिवे, घड्याळे, रेडिओ, पितळी कड्या ओळखीच्या वाटतील. ही वाट संग्रहालयाचाच पहिला मजला आहे असे मी मानतो, कारण आत काचेमागे जे मांडले आहे ते अशाच दुकानांतून आणि लोकांच्या घरांतून वर्षानुवर्षे गोळा केलेले आहे. १८९७ मध्ये बांधलेले हे कोपऱ्यावरचे चिंचोळे घर पामुक यांनी १९९९ साली विकत घेतले, तेव्हा कादंबरी पूर्ण व्हायला बराच अवकाश होता. कादंबरी लिहून झाली आणि मग तिचे स्मारक उभारले, असे इथे घडलेले नाही. वस्तू आणि वाक्ये एकमेकांच्या सोबतीने जमत गेली.

कथा १९७५ साली सुरू होते. निशान्ताशी या श्रीमंत वस्तीत राहणारा केमाल आपला साखरपुडा तोंडावर आलेला असताना फ्युसुन या दूरच्या नात्यातल्या, दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. हिल्टन हॉटेलात साखरपुडा होतो आणि त्यानंतर ती नाहीशी होते. केमालला ती सापडते ती याच चुकुरजुमाच्या घरात, लग्न झालेली, आईवडिलांसह राहणारी. पुढे जवळजवळ आठ वर्षे तो तिथे रात्रीच्या जेवणाला जात राहतो, त्याच्याच हिशेबाप्रमाणे १५९३ वेळा, आणि परतताना मीठदाणी, चमचा, टीव्हीवर ठेवलेला चिनी मातीचा कुत्रा, असे काहीतरी खिशात घालून नेतो.

कादंबरीकाराची नजर रस्त्याकडे कशी पाहते, हे मला सर्वांत स्पष्टपणे कळले ते फ्युसुन नाहीशी झाल्यानंतरच्या प्रकरणात. तिची आठवण टाळण्यासाठी केमाल निशान्ताशीचा मनातल्या मनात नकाशा करतो : काही रस्ते तांबडे, म्हणजे तिथे पाऊलही टाकायचे नाही, काही नारिंगी, म्हणजे अगदीच निकड असेल तर घाईने ओलांडायचे, काही पिवळे, म्हणजे सावधपणे जायचे. कोणत्याही नगररचनाकाराच्या नकाशात दुःखाप्रमाणे रस्त्यांची अशी वर्गवारी सापडणार नाही. हे वाचलेला माणूस त्या वस्तीतून चालू लागला की दुकाने आणि कोपरे त्याला निव्वळ दुकाने आणि कोपरे दिसत नाहीत.

कादंबरीची प्रकरणे ८३ आणि संग्रहालयातील पेट्याही त्याच क्रमाने ८३. प्रवेशद्वारापाशीच एक अख्खी भिंत सिगारेटच्या थोटकांनी व्यापलेली आहे. फ्युसुनने ओढलेल्या म्हणून मांडलेली ही ४२१३ थोटके टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखी ओळीने लावली असून प्रत्येकाखाली बारीक हस्ताक्षरात टिपण आहे. काही थोटके रागाने चुरगळलेली आहेत, काही अर्धवट विझवलेली. या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. तुर्की येत नसल्याने टिपणे वाचता आली नाहीत, पण बोटांच्या दाबावरून माणसाची मनःस्थिती कळते, हे मात्र वाचता आले.

वरच्या मजल्यांवर चहाचे पेले, जुनी छायाचित्रे, कंगवे, सिनेमाची तिकिटे, औषधाच्या बाटल्या आणि कादंबरीत जन्मलेल्या काल्पनिक सोडा-पेयाच्या जाहिराती आहेत. एका पेटीत वर्तमानपत्रांतील अशा स्त्रियांची छायाचित्रे आहेत, ज्यांच्या डोळ्यांवर ‘बदनामी’पायी काळी पट्टी छापली जात असे. ही पेटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्या काळच्या शहरात स्त्रीने रस्त्यावर दिसण्याची किंमत काय होती, हे तिच्यात एका दृष्टिक्षेपात कळते. फ्युसुनची बाजू मात्र या घरात केमालच्याच हातून आपल्यापर्यंत पोहोचते. तिचे कानातले आहे, तिचे झगे आहेत, तिची थोटके आहेत. तिचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे, हा प्रश्न घेऊन मी जिना चढत राहिलो.

सर्वांत वर पोटमाळ्यावर केमालची खोली आहे : एक साधा पलंग आणि भिंतीवर पामुक यांच्या हस्तलिखिताची पाने. इथून जिन्याच्या पोकळीतून खाली पाहिले की तळमजल्याच्या फरशीवर काढलेले काळाचे सर्पिल दिसते. २०१४ साली या संग्रहालयाला युरोपातील वर्षाचे सर्वोत्तम संग्रहालय हा पुरस्कार मिळाला. राजवाड्यांत मांडलेल्या साम्राज्यांच्या इतिहासापेक्षा साध्या माणसांच्या घरांतल्या गोष्टी मोलाच्या आहेत, ही पामुक यांची भूमिका या पोटमाळ्यावर उभे राहिले की मनापासून पटते.

कादंबरी न वाचता आलेल्याला हे घर जुन्या वस्तूंचा देखणा संग्रह वाटेल, आणि तेवढ्यासाठीही ते पाहण्याजोगे आहे. पण निदान पहिली काही प्रकरणे वाचून यावे. हाताशी दोन तास ठेवावेत, सोमवार टाळावा आणि जिने अरुंद असल्याने गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सावकाश चढावे.

बाहेर पडल्यावर मी त्याच उतारावर दोन घरे पुढे असलेल्या एका दुकानासमोर थांबलो. काचेमागे तीन मीठदाण्या होत्या, एकीचे झाकण हरवलेले. दुकानदाराने आतून येऊन किंमत सांगितली. मी झाकण नसलेलीच मागितली.